गुळाच्या ढेपेत रुतलेले बाण

"आमचे हे दगड फोडतात," असं माझ्या बायकोनं सुनेच्या माहेरच्यांना सांगितलं, आणि त्या बिचाऱ्यांना वाटलं, व्याही खडी क्रशरवर कामाला आहेत. त्यातल्या एकानं मला बाजूला घेऊन विचारलंसुद्धा, "ह्या वयात झेपतंय का?" मी म्हटलं, "झेपतंय की. अर्ध्या बोटाएवढाच तर दगड असतोय." तेव्हापासून त्या घरात माझ्या डोक्याबद्दल जी शंका आहे ती आजपर्यंत फिटलेली नाही.

तर उगाच गैरसमज नको. मी दगडापासून बाणाची टोकं करतो. हातानं. यंत्र नाही, सहाण नाही. पूर्वी रानात हिंडणारा माणूस जशी करायचा तशीच, दगडानं दगड फोडून आणि मग कडा दाबून दाबून. संग्रहालयं घेतात, कॉलेजं घेतात, शाळेतले मास्तर पोरांना दाखवायला नेतात.

आम्ही शिकलगार. सांगलीत बाजाराजवळ आमचं धार लावायचं दुकान. आजोबा सांगायचे, त्यांच्या आजोबांनी तलवारींना धार लावली. खरं-खोटं अल्ला जाणे. प्रत्येक शिकलगाराच्या आजोबाच्या आजोबानं तलवारीलाच धार लावलेली असते, विळ्याला कुणीच नाही! वडिलांच्या वाट्याला अडकित्ते आणि न्हाव्याच्या कात्र्या आल्या, माझ्या वाट्याला मिक्सरची पाती. आता दुकान मुलगा बघतो आणि मी मागच्या पडवीत दगड घेऊन बसतो.

ह्या नादाला लागलो ते एका प्राध्यापकांमुळं. ते कुठंतरी खोदकाम करत होते आणि त्यांच्या थाप्यांना धार लावून घ्यायला आले होते. बोलता बोलता त्यांनी खिशातून काडेपेटी काढली. आत कापसावर दगडाची एक कपची. मी सवयीनं तिच्या कडेवर अंगठा फिरवला आणि रक्त आलं. धार लावणाऱ्याचं बोट, आणि दगडानं कापलं! मी विचारलं, "ह्याला धार कुणी लावली?"

"कुणी लावली नाही," ते म्हणाले. "हा दगड फुटतानाच धार घेऊन येतो."

मला लय राग आला बघा. आमच्या पिढ्यान् पिढ्यांना चाकासमोर वाकून कुबड आलं आणि हा दगड नुसता फुटून असा तेज होतो? त्या रागापायीच मी शिकलो. पहिली काही वर्षं माझ्या हातून नुसती खडीच झाली, तेव्हा बायकोचं म्हणणं अगदीच खोटं नाही.

काम तसं सांगायला सोपं आहे. गारगोटी घ्यायची. चांगली गारगोटी मेणासारखी दिसते, मधाच्या रंगाची. तिच्यावर नदीतल्या गोट्यानं हलकं टकटक करायचं. खणखणीत वाजली तर घ्यायची, भदभद वाजली तर आत भेग आहे, सोडून द्यायची. मग तिला शेकायचं. वाळूत पुरून वर गरम राख घालायची आणि सगळं आपोआप थंड होईपर्यंत हात लावायचा नाही. उतावळा माणूस इथंच फसतो. गरम असताना वारं लागलं की दगड तडकतो. नीट शेकलेला दगड मऊ फुटतो, म्हणजे आपण म्हणू तिथं फुटतो. मग गोट्यानं ठोकून एक पातळ कपची काढायची आणि मांडीवर ट्रकच्या ट्यूबचा तुकडा ठेवून त्यावर ती धरायची. लाकडी मुठीत जाड तांब्याची तार बसवलेलं माझं एक हत्यार आहे. त्याचं टोक कपचीच्या कडेवर टेकवायचं, आत दाबायचं आणि शेवटच्या क्षणाला खाली. टिच्च! नखाएवढा तुकडा खालच्या बाजूनं सुटतो. तो सुटताना दिसत नाही. म्हणून हे काम डोळ्यांचं कमी आणि अंगठ्याचं जास्त. असं दोन्ही बाजूंनी करत आणलं की टोक तयार होतं. आणि सगळं झाल्यावर, बुडाला काडीत बसवायची खाच पाडताना, एकाचे दोन होतात. तेव्हा तोंडातून जे निघतं ते दिवाळी अंकात लिहिता येत नाही.

धूळ वाईट, फुप्फुसात बसते. म्हणून वाऱ्याच्या बाजूला, तोंडाला फडकं बांधून बसायचं. उरलेल्या कपच्या मी रंगाच्या रिकाम्या डब्यात भरून ठेवतो, रानात टाकत नाही. उद्या कुणी अभ्यासाला यायचा आणि माझा कचरा बघून म्हणायचा, इथं आदिमानव राहत होता.

गिऱ्हाइकं एकेक नग. मालिकेवाले आले, म्हणाले, "काका, टोकं जुनी दिसली पाहिजेत." मी म्हटलं, "मग हजारभर वर्षं थांबा." उंब्रजकडचे एक हॉटेलवाले आले. त्यांना माझी टोकं हॉटेलच्या जागेत पुरायची होती आणि महिन्याभरानं चार लोकांसमोर 'सापडवायची' होती. मी त्यांना टोकाचं बूड दाखवलं. प्रत्येक टोकाच्या बुडाला मी हिऱ्याच्या पेननं बारीक 'द' कोरतो. म्हटलं, "तुमच्या आदिमानवाचं नाव दस्तगीर होतं असं सांगणार असाल तर खुशाल पुरा." ते चहा न पिताच गेले.

पण आज जी गोष्ट सांगायची आहे ती बाबगोंडा अण्णांची.

अण्णा जैन शेतकरी, माझ्याहून वयानं मोठे, दुकानाचं जुनं गिऱ्हाईक. कृष्णाकाठी त्यांचा ऊस, उसाला लागून स्वतःचं गुऱ्हाळ आणि गावाच्या वरच्या अंगाला माळाची एक पट्टी. त्या माळावर नांगर फिरला की गारगोट्या बटाट्यासारख्या वर येतात. बटाटा अण्णा खात नाहीत, तो भाग वेगळा. पण तसली गारगोटी मला दुसरीकडं कुठं मिळाली नाही. नदीतली आपटून आपटून आतून भेगाळलेली असते.

पहिल्यांदा पोतं घेऊन गेलो तेव्हा अण्णा बांधावर उभे होते.

"काय करतोस रं ह्या धोंड्यांचं?"

"बाणाची टोकं करतोय, अण्णा."

अण्णांचा चेहरा उतरला. त्यांच्यात शस्त्राचा धंदा वर्ज्य. त्यांनी पायाजवळची एक गारगोटी उचलून हातात फिरवली. मग म्हणाले, "इकत दिलं तर त्यो शस्त्राचा धंदा झाला. तवा पैशाचं नाव काढू नगंस. रानातला खडा येचतोयस, येच. पण एक शब्द दे. माझ्या रानातला दगूड कुनाच्या अंगात घुसायला नगं."

मी तिथंच शब्द दिला. मला काय अवघड होतं? माझी टोकं काचेच्या पेटीत नाहीतर शाळेच्या टेबलावर जाणार. त्या बदल्यात मी त्यांचे विळे, खुरपी, ऊसतोडीचे कोयते धार लावून देत आलो. दगड शेकायलासुद्धा अण्णांनी जागा दिली. गुऱ्हाळाचं चुलवाण, म्हणजे रस आटवायच्या काहिलीखालची ती भली मोठी चूल, विझल्यावर तिच्या राखेत मी माझे दगड पुरायचो.

अशी बरीच वर्षं सुखात गेली. मग सायली मॅडम आल्या.

मॅडम कोरेगावच्या, साताऱ्यात एका कॉलेजात तात्पुरत्या नोकरीवर. बोलायला गोड, कामाला चिवट. नदीच्या खोऱ्यात सापडलेल्या दगडाच्या जुन्या टोकांवर त्यांचा प्रबंध चालला होता. जुनी टोकं मोडलेली. प्रश्न असा, की ती बाणाला लावून शिकारीत मोडली, की नुसती काही कापताना मोडली? हे कळायला एकच वाट. तसल्याच दगडाची नवी टोकं करायची, बाणाला लावायची, मारायची, मोडायची, आणि जुनं-नवं मोडणं शेजारी शेजारी ठेवून बघायचं. जुनी टोकं निघाली मधाच्या रंगाच्या गारगोटीची. अगदी अण्णांच्या माळावरची असावी तशी.

मी हरखून गेलो. आजवर माझी टोकं बसून होती, आता उडणार होती! तेवढ्यात मॅडम म्हणाल्या, "खाटकाकडून एक अख्खा बोकड घेऊ. कापलेला. त्याच्यावर मारायचे."

मी हातातली कपची खाली ठेवली.

मॅडमना वाटलं, मला किळस आली. त्या समजावायला लागल्या. जगात सगळीकडं हा प्रयोग असाच करतात, बोकड आधीच मेलेला असतो. प्रबंधाला मुदतवाढ एकदा मिळाली होती, आता मिळणार नव्हती. पदवी झाली नाही तर कॉलेजातली जागा जाणार. आणि माझ्याशिवाय ही टोकं करून देणारं त्यांना कुणी माहीत नव्हतं.

आता तुम्हीच सांगा. मी दर शुक्रवारी मटण आणणारा माणूस. मेलेल्या बोकडात बाण मारला तर कुणाचं काय गेलं? आणि अण्णांना कोण सांगायला बसलंय? हे सगळं मी बायकोला ऐकवलं. ती भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "शब्द कुनी दिलावता? बोकडानं?"

झालं. दुसऱ्या दिवशी मॅडमना घेऊन मी गुऱ्हाळावर गेलो.

हंगाम नुकताच सुरू झाला होता. काहिलीत रस उकळत होता, अण्णा बाजेवर बसले होते. मॅडमनी सगळं व्यवस्थित सांगितलं. अण्णांनी मध्ये तोंड घातलं नाही. शेवटी विचारलं, "बोकड कुनासाठी कापनार?"

"तो खाटीक बाजारासाठी कापतोच की, अण्णा," मी म्हटलं.

"त्यातला एक तुमी घेतलासा म्हंजे बाजाराला एक कमी पडला. मग त्येच्या जागी त्यो आनि एक कापनार. त्यो कुनापायी गेला?"

मॅडम म्हणाल्या, "पण दगडानं तर जीव जात नाही ना?"

"लेकी, आमच्यात तिन्ही सारखं धरत्यात. सोता करनं, दुसऱ्याकडनं करवनं, आनि करनाऱ्याला बरं म्हननं." मग माझ्याकडं वळून म्हणाले, "न इचारता केलं असतंस तर ते तुझं तू बघितलं असतंस. आता इचारलंस. म्हंजे माझं व्हय पायजे तुला. ते माझ्याकडनं निघायचं न्हाई, दस्तगीर."

राग नाही, आवाज चढलेला नाही. त्यामुळंच आणखी अवघड झालं. मॅडमचे डोळे भरून आले. त्यांनी तोंड फिरवलं आणि काहिलीकडं बघत उभ्या राहिल्या. खरं सांगतो, मला त्या घडीला अण्णांचा लय राग आला. एका मेलेल्या बोकडापायी जिवंत पोरीचं वाटोळं करायला निघालाय हा माणूस, असं वाटलं. पण शब्द माझा होता आणि माझ्याच्यानं तो मोडवेना.

रत्नाक्का, म्हणजे अण्णांच्या मालकीण, त्यांनी रीत म्हणून मॅडमच्या हातात पळसाच्या पानावर गरम गूळ दिला. मॅडमचं लक्ष कुठं होतं! त्या बोटानं गूळ नुसता दाबत बसल्या. दाबला की बोट आत जायचं, काढलं की खळगा हळूहळू भरून यायचा. असं दोन-चारदा झालं आणि त्या एकदम थांबल्या. डोळे पुसले आणि अण्णांना विचारलं, "हा असाच मऊ किती वेळ राहतो?"

"पाक अलीकडं काढला तर मऊ ऱ्हातोय. पुढं नेला तर कडक, करपट."

"आणि ह्याच्या आत नारळाच्या करवंट्या बसवल्या तर?"

मला कळेना ही काय भानगड. मॅडमनी समजावून सांगितलं. टोक मांसात मोडत नाही, मांसाच्या आतल्या हाडावर मोडतं. मऊ भाग गुळाचा, हाडं करवंट्यांची आणि बरगड्या बांबूच्या कांबट्यांच्या. वरून कातड्याच्या जागी ओलं गोणपाट.

तिथूनच त्यांनी आपल्या मार्गदर्शक सरांना फोन लावला. सरांचा आवाज आम्हाला बाजेवर ऐकू येत होता. "गूळ? अगं, गूळ म्हणजे मांस नव्हे!" बराच वेळ वादावादी झाली. शेवटी सर म्हणाले, कर, पण मांस का वापरलं नाही ते स्वच्छ लिही, आणि परीक्षकांसमोर तुझं तू निस्तर. मॅडमनी फोन ठेवला. खात्री कशाचीच नव्हती.

अण्णा मात्र उठून उभे राहिले होते. "गूळ लागंल तेवढा घ्या," ते म्हणाले आणि थोरल्या मुलाला ओरडले, "आरं, ह्या काहिलीचा पाक अलीकडं काढा!"

मी टोकं करायला बसलो. एवढी टोकं एका दमात मी आयुष्यात केली नाहीत. अंगठा सुजला, बायको हळद लावत होती आणि बोलत होती, दोन्ही एकदम. टोकं झाली तशी डिंक आणि राळेनं काड्यांत बसवली, वर सुती दोरा गुंडाळला.

मॅडम शाळेत असताना धनुर्विद्येच्या स्पर्धांना जायच्या. बांबूचं धनुष्य घेऊन त्या गुऱ्हाळामागं उभ्या राहिल्या. समोर दगडांच्या चौथऱ्यावर गोणपाट पांघरलेली गुळाची ढेप. मॅडमनी दोरी ओढली.

"थांबा!" अण्णा ओरडले.

ते ढेपेकडं धावत गेले. गूळच तो, मुंग्या लागल्या होत्या. अण्णांनी धोतराच्या सोग्यानं एकेक मुंगी अलगद खाली उतरवली, वाकून चारी बाजूंनी बघितलं आणि म्हणाले, "हां, आता मारा." मॅडमनी पुन्हा दोरी ओढली. तेवढ्यात एक मुंगळा आला. पुन्हा थांबा! प्रत्येक बाणाला हेच. मग रत्नाक्कांनी चौथऱ्याभोवती पाण्याचा चर काढला आणि माश्या हाकलायला अण्णा स्वतः उपरणं घेऊन उभे राहिले. बाण सुटायच्या वेळी त्यांना बाजूला ओढायचं काम माझ्याकडं. असली शिकार जगात कुणी केली नसेल.

बाण आत शिरायचा, आतून 'कट्' असा आवाज यायचा आणि मॅडम लहान पोरीसारख्या ओरडायच्या, "मोडलं! काका, मोडलं!" जीव ओतून केलेली वस्तू मोडली म्हणून कुणी टाळ्या वाजवताना तुम्ही बघितलंय? पण दोन-चार बाण झाले आणि मीही ओरडायला लागलो. काचेच्या पेटीत ठेवलेल्या माझ्या कुठल्याही टोकापेक्षा ही मोडकी टोकं मला प्यारी वाटायला लागली. ती आपल्या कामात मोडली होती.

मग ढेप कढत पाण्यात विरघळवली, फडक्यातून गाळली आणि टोकांचा कणन् कण मॅडमनी वेचून घेतला. गोड पाणी अण्णांनी रानात घालायच्या जीवामृताला वापरलं. मॅडम साताऱ्याला गेल्या, आणि पुढं नुसती वाट बघणं उरलं. मी अधूनमधून अण्णांकडं जायचो, ओट्यावर चहा प्यायचो, दगड घेऊन यायचो. अण्णा दर खेपेला विचारायचे, "त्या पोरीचं काय झालं रं?" मी म्हणायचो, "अजून न्हाई, अण्णा." ते मान हलवायचे आणि दुसरं काहीतरी बोलायला लागायचे.

पुढच्या वर्षीचा हंगाम संपत आला तेव्हा मॅडम कंदी पेढ्यांचा पुडा घेऊन दुकानाच्या दारात उभ्या. "काका, झाली!" एवढंच म्हणाल्या. परीक्षकांनी गुळाचं विचारलंच होतं. मॅडमनी सरळ सांगितलं, दगड ज्यांच्या रानातला त्यांनी मांसाला नकार दिला. परीक्षकांनी खूप उलटसुलट विचारलं, पुढं कुणीतरी मांसावर करून पडताळावं असंही म्हणाले, पण काम पक्कं आहे हे मान्य केलं. मी तिथल्या तिथं दुकान मुलाच्या गळ्यात टाकून मॅडमबरोबर अण्णांकडं निघालो.

अण्णा ओट्यावरच होते. मॅडमनी पाया पडून पुडा पुढं केला. अण्णांनी हात पुढं केला नाही. "झाली न्हवं?" त्यांनी विचारलं. "नक्की? मागं-पुढं काय ऱ्हायलं न्हाई?"

"नाही अण्णा. सगळं झालं. घ्या की."

अण्णांनी घराकडं बघितलं. रत्नाक्का आतून आल्या त्या ताटलीत गुळाचा खडा घेऊन. म्हणाल्या, "पेढा मागनं. पैलं ह्यो घरचा घ्या." मग आमच्याकडं वळल्या. "त्या दिवशी तुमी गेलासा, तवापासनं ह्यांनी गोड सोडलंय. म्हनले, पोरगी रडली ती माझ्या न्हाईपायी. जीव दुखावनं बी हिंसाच. तिचं काम होईस्तवर गोड वर्ज्य. आनि कुनाला सांगायचं न्हाई, अशी मला तंबी."

ज्याच्या जिभेनं पास केल्याशिवाय त्या गुऱ्हाळाची एक ढेप बाजाराला जायची नाही, तो माणूस दोन हंगाम गुळाशेजारी बसून गुळाशिवाय राहिला. त्याच ओट्यावर मी किती चहा प्यालो असेन, आणि त्यांच्या कपात गोड नाही हे मला एकदाही कळलं नाही. आणि मी ह्या माणसावर रागावलो होतो! मला रडूच आलं. मॅडम तर पदर तोंडाला लावून उभ्याच.

अण्णांना असलं काही सहन होत नाही. "आरं, रडताय काय?" असं पुटपुटत त्यांनी खडा तोंडात टाकला आणि डोळे मिटले. आम्ही सगळे त्यांच्या तोंडाकडं बघत होतो. ते सावकाश चघळत राहिले. मग त्यांनी डोळे उघडले, कपाळाला आठ्या घातल्या आणि गुऱ्हाळाकडं तोंड करून थोरल्या मुलाला हाक मारली.

"आरं ए! पाक किती पुढं नेलाईस ह्यो! सबंध हंगाम असाच काढलास व्हय रं?"